बेल ऐकू येते का?

सोमवार, ३ नोव्हेंबर

खोकं आलं. नको म्हटलं होतं तरी आलं.

फेब्रुवारीपासून तेजसला सांगत आलेय, मिक्सर पाठव, इस्त्री पाठव, पाणी गरम करायची किटली पाठव, पण कानाचं काही पाठवू नकोस. शनिवारी त्याचा फोन. "मॅडम, प्लीज. हेडफोनवर लिहायची ती मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली. वाचकांना रोजच्या वापरातलं खरंखुरं हवं असतं, आणि तसं तुमच्याइतकं कोणी लिहीत नाही."

तो पुण्यात बसून वेबसाइट चालवतो, मी इथे नाशकात, इंदिरानगरात बसून वस्तू वापरते आणि लिहून पाठवते. तीन वर्षं झाली. एकमेकांना पाहिलेलं नाही. नाही म्हणायला हवं होतं. "बरं" म्हटलं.

खोकं टीपॉयवर. फोडलेलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फोडलं. पातळ पट्टी, दोन टोकांना मारी बिस्किटाएवढे स्पंजचे गोल. कान झाकत नाही, नुसता टेकतो. वायर नाही. राखाडी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर काटा हलला की नाही ते चष्मा लावून बघावं लागलं. डोक्यावर घातला आणि पाच मिनिटांनी विसरले. मग आठवलं आणि घाईघाईने काढला.

तेजसचा तक्ता. वजन जाणवतं का. चष्म्यासोबत त्रास होतो का. बॅटरी. किती लांबपर्यंत चालतो. घरकामात. रस्त्यावर. 'फोनवरचं बोलणं: वेगवेगळ्या पाच जणांशी, वेगवेगळ्या जागी.' आणि सगळ्यात खाली, 'आजूबाजूचं ऐकू येतं का.'

त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. किती वेळ कोण जाणे.

यापुढे हे.फो. लिहीन. पूर्ण शब्द नको वाटतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हे.फो. दीड तास. भाकरी, भांडी, केर. खाली वाकलं की पट्टी कपाळावर येते. अंबाड्याच्या जरा वर बसवली की राहते. चष्म्याच्या काडीचं आणि स्पंजचं जमतंय, कानामागे दुखलं नाही. वजनाला पैकीच्या पैकी.

बातम्या लावल्या होत्या, बारीक आवाजात. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. तीन ऐकू आल्या. चौथी होऊन गेली का म्हणून काढून बघितला. झाली नव्हती. परत घातला, परत काढला. दर पाच मिनिटांनी काढतेय. हे तक्त्यात कुठे लिहायचं?

आईच्या खोलीत उन्हं आली होती. पलंग अजून कोणाला दिला नाही. शेजारच्या निकमबाई दोनदा म्हणाल्या, त्यांच्या गावी एकीला हवाय. बघते म्हटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पाच जण.

फोनमधली यादी काढली, गेल्या महिन्याची. तेजस. गॅस नोंदवायचं ते यंत्र. तेजस. दूधवाले. बँकेतून कोणी मुलगी, कर्ज हवंय का. तेजस. एक राँग नंबर, नांदगावचा, फार सज्जन माणूस, दोनदा माफी मागितली. तेजस.

तेजस एक. निकमबाई दोन, पण त्यांचं घर भिंतीपलीकडे, फोन न लावताही ऐकू येईल. प्रेसमध्ये मी प्रूफं वाचायचे तेव्हाची मंदा. तिचा नंबर लावला. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' बाकी कोणी आठवेना. बावन्न वर्षं या गावात काढली.

'दादा देवळाली' असं एक नाव आहे फोनमध्ये. एप्रिलनंतर त्यापुढे काही नाही. भाऊबीजेलाही नाही. आईचं वर्ष, सण करायचा नव्हताच, त्यामुळे न जायला कारणसुद्धा शोधावं लागलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

द्वारका चौक. मुद्दाम संध्याकाळी सहाला गेले, त्याहून जास्त गोंगाट नाशकात मिळायचा नाही. पुलाखाली उभी राहून तेजसला फोन लावला. ट्रक, रिक्षा, हॉर्न, एक गाडीवाला सिन्नरची गिऱ्हाइकं बोलावत होता.

"मॅडम, तुमच्यापेक्षा सिन्नर जास्त ऐकू येतंय."

"मला तुझा आवाज नीट येतोय."

"मला तुमचा नाही. 'गोंगाटात कमी पडतो' लिहा. आणि मॅडम, रस्ता ओलांडताना काढा हां तो." पोरगं चांगलं आहे.

येताना रिक्षात हे.फो. घालून बसले. रिक्षावाले मागे वळून काही म्हणाले. काढून विचारलं, "काय?" तर म्हणाले, "काही नाही, थंडी पडायला लागली म्हटलं." ऐकू आलं असतं तरी मी काय वेगळं बोलणार होते? "हो ना." ते तेवढंही बोलायचं राहिलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

केला फोन.

जॉगिंग ट्रॅकवर सकाळी साडेसातला. वाऱ्यातली चाचणी करायची होती. तेजस या वेळी उठत नाही. निकमबाई देवपूजेत. असं मनाला सांगत सांगत 'दादा देवळाली' दाबलं. तीन रिंग झाल्या. चौथीला उचलला. मागे शिलाई मशिन चालू होतं. कॅम्पात लष्कराचे गणवेश शिवायचं त्याचं दुकान, घर दुकानाच्या मागेच, सकाळपासून बसतो. मशिन थांबलं.

"वसू? काय झालं?"

"काही नाही. माझा आवाज कसा येतोय?"



"आवाज? चांगला येतोय."

"वारा ऐकू येतोय का मागे?"

"वारा? नाही. थोडा. तू कुठे आहेस?"

"ट्रॅकवर. कामासाठी विचारते आहे. हेडफोनचं काम आहे."

"बरं."

"ठेवू?"

"ठेव."

झालं. एक मिनिटसुद्धा नाही. ट्रॅकला आणखी दोन फेऱ्या मारल्या.

वाऱ्यात: बरा. कानटोपी वरून घातली तर छान बसतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

साडेसातला त्याचाच फोन. कणीक मळत होते. हे.फो. कानावर होता म्हणून बरं, बटण कोपराने दाबलं.

"आज नाही का टेस्ट?"

"आज घरातली आहे. कणीक मळते आहे. ऐकू येतंय का काही?"

"परातीचा आवाज येतोय." मग म्हणाला, "आई मळायची तसा."

मळून झालेली कणीक मी पुन्हा मळत राहिले, त्याला ऐकू यावी म्हणून.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चार दिवस रोज साडेसात. एका माणसाशी पाच फोन झाले तर चालतात का, तेजसला विचारायला हवं.

काल दादा म्हणाला, "थांब, आता तोफ वाजेल, बघ ऐकू येते का." कॅम्पाच्या पलीकडे लष्कराचा सराव चालतो. आम्ही दोघं बोलायचं थांबून वाट बघत बसलो. माझ्या कानात लांब कुणी दार लोटावं तेवढा आवाज आला.

"आली?"

"आली."

"इथे बरण्या हलल्या," म्हणाला आणि हसला. शैलावहिनींना हाक मारून सांगितलंही, "वसूला ऐकू आली!"

मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शेवटची ओळ राहिली होती. आजूबाजूचं.

निकमबाईंना सांगितलं, मी आत बसते, तुम्ही बाहेरून बेल वाजवा, आवाज वाढवत नेईन, मला ऐकू आली की दार उघडेन. त्या सटाण्याकडच्या, नवऱ्यामागे एकट्याच राहतात, कोणी काही काम सांगितलं की पदर खोचून तयार. "वाजवते की! त्यात काय!"

गॅलरीतल्या टेबलाशी बसले. त्याच खुर्चीत. दुसरी जागा सुचलीच नाही.

आवाज बारीक: ऐकू आली. मध्यम: आली, पण शेजारच्या घरातली वाटली. पूर्ण: वाट बघतेय, बघतेय, काही नाही. कंटाळल्या असतील म्हणून उठून दार उघडलं. निकमबाई उभ्या. बोट अजून बेलवर. चेहरा वेगळाच.

"लय वेळा वाजवली," म्हणाल्या.

"नाही आली ऐकू."

"ताई, तवाबी हेच होतं ना कानात?"

"हे नव्हतं. मोठं होतं. कान झाकणारं."

त्या आत आल्या नाहीत, मी या म्हटलं नाही. उंबऱ्याच्या दोन बाजूंना आम्ही.

"मी कोणाला बोलले नाय," म्हणाल्या. "दवाखान्यात तुमच्या भाऊंनी विचारलं व्हतं मला, ताई बाजारातून कधी आली. मी म्हटलं, मला नाय माहीत. तुम्ही बाजार सांगितला व्हता ना त्यांना, मंग मी काय बोलणार. पण ताई, मला ते लय जड झालंय. म्हातारी वाटी आपटत व्हती भिंतीवर. माझ्याच भिंतीवर."

मग त्या घरी गेल्या. मी दार लावलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज दादाचा फोन उचलला नाही. दोनदा आला.

लिहून टाकते. इथे तरी.

फेब्रुवारी. दुपारचे तीन. आई जेवून पडली होती. तेजसने पाठवलेला तो मोठा हे.फो., बाहेरचा आवाज पूर्ण बंद करतो असा. खरंच करतो का ते बघायचं म्हणून गाणंबिणं काही लावलंच नव्हतं. नुसतं ते बटण दाबलं. आणि सगळं थांबलं. रस्ता, पंखा, शेजारचा टीव्ही, आईचा खोकला. आठ वर्षं त्या खोकल्याच्या आणि "वसू गं" च्या अंतरात राहिले होते मी. आंघोळीला गेले तरी कान दाराला. त्या दिवशी पहिल्यांदा काहीच नव्हतं. मला ते आवडलं. कुणाला सांगितलेलं नाही. इतकं आवडलं की डोळे मिटून बसले.

बेल वाजवून दमल्यावर निकमबाईंनी त्यांच्या गॅलरीतून वाकून माझ्या गॅलरीची काच बडवली. तीही ऐकू आली नाही, मिटल्या डोळ्यांवर सावली हलली म्हणून उघडले. त्या तोंडाने काहीतरी ओरडत होत्या, आवाज नव्हता.

आई पलंग आणि कपाटाच्या मध्ये. हातात वाटी. मला बघून म्हणाली, "झोपली होतीस का गं?"

मी म्हटलं, हो.

खुब्याचं हाड. दादा दवाखान्यात धावत आला, "तू कुठे होतीस?" तर तोंडातून निघालं, बाजारात. आईला एक, दादाला एक. दोघांना दोन. आई पुढे दोन महिने होती. दादा तिच्या उशाशी बसून कितीदा म्हणाला, वसू नेमकी बाजारात गेली आणि. आईने त्याला कधी सांगितलं नाही की अरे, ती तर झोपली होती म्हणाली. माझ्याकडे बघायची फक्त.

एप्रिलमध्ये गेली. तेराव्याला दादा बोलला, "शेजारी सांगून तरी जायचं. म्हातारं माणूस कोंडून बाजारात जातं का कोणी?" आणि मी, मी काय म्हणावं? "तू आठवड्यातून एकदा येणारा. मला काय शिकवतोस?" जेवणाऱ्यांसमोर. ताटं तशीच टाकून ती दोघं गेली.

ज्या गोष्टीवरून तो मला बोलला ती मी केलीच नव्हती, म्हणून राग आला होता. खरंच राग आला होता. अशी मी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज उचलला. खरं तर सांगायचंच ठरवून.

"दोन दिवस कुठे होतीस? निकमबाईंना फोन करणार होतो मी आता."

"चार्जिंग संपलं होतं." (बॅटरी आठवडाभर पुरते. तक्त्यात तसंच लिहिलंय.)

मग म्हणाला, "वसू, ऐक. रोज सांगीन म्हणतो, मशिनवर बसलं की राहून जातं. तेव्हा मी तुला जे बोललो ते चुकलं माझं. माणूस बाजारात जाणारच. चोवीस तास कोण बसून राहील? तू आठ वर्षं बसलीस. मी रविवारी यायचो आणि केळी ठेवून जायचो. मला बोलायचा हक्क नव्हता. माफ कर."

आवाज स्वच्छ. एक अक्षर तुटलं नाही. त्याचं नाक ओढणंसुद्धा ऐकू आलं.

मी म्हटलं, "जाऊ दे रे."

जाऊ दे रे! फोन ठेवला आणि आईच्या पलंगावर जाऊन बसले. दुपारचं जेवण नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

देवळाली कॅम्पला जाऊन आले. नाशिकरोडला बस बदलून. हे.फो. घरी ठेवला.

दुकान आहे तसंच. मशिन दाराशी, वर टांगलेले गणवेश, काचेखाली बिल्ले आणि फिती. दादा खांद्याच्या पट्ट्या शिवत होता. वर बघितलं आणि इतका हसला. "आज समोरासमोर टेस्ट का?" आत हाक मारली, "अगं, वसू आलीय! चहा टाक."

स्टूल पुढे केलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

"दादा, मी बाजारात नव्हते."

"कधी?"

"तेव्हा. आई पडली तेव्हा. घरातच होते. कानाला हेडफोन होता, कामाचा. मला ऐकू आलं नाही."

तो बघत राहिला. हात पट्टीवर तसाच.

"किती वेळ?"

"माहीत नाही. निकमबाई म्हणतात, अर्धा तास तरी ती वाटी आपटत होती."

"काय ऐकत होतीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? गाणी?"

"काहीच नाही, दादा. शांत वाटत होतं. म्हणून बसले होते."

हे त्याला कळलं की नाही, माहीत नाही. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला. परत घातला. म्हणाला, "परवा मी माफी मागितली."

"हो."

"तू ऐकून घेतलीस."

तेवढ्यात एक जवान आला, छातीवरची नावाची पट्टी शिवून हवी होती. दादा त्याच्याशी हिंदीत बोलला, नेहमीसारखा, नाव विचारलं, स्पेलिंग लिहून घेतलं, सोमवारी या म्हणाला. मी फितींच्या कपाटाशी उभी. जवान गेला. दादा उठला आणि मागच्या दाराने घरात गेला. माझ्याकडे न बघता.

वाट बघितली. शैलावहिनी चहा घेऊन आल्या. एकच कप. त्यांना आतून ऐकू आलं असणार. मी दोन घोट घेतले. त्या म्हणाल्या, "वन्सं, आज नको. आज जा तुम्ही."

रागाने नाही म्हणाल्या. त्याचाच त्रास झाला जास्त.

सोमवार, २४ नोव्हेंबर

साडेसात. फोन नाही. काल रविवारीही नाही.

निकमबाई दुपारी ताक घेऊन आल्या.

"सांगितलं का भाऊंना?"

"सांगितलं."

"बरं केलं."

"बरं झालं की नाही, ते माहीत नाही."

"ते येगळं," म्हणाल्या. आज आत आल्या, बसल्या. आईच्या खोलीकडे पाठ करून नाही, तोंड करून बसल्या. मग त्यांच्या बहिणीचा सटाण्याहून फोन आला तर माझ्यासमोरच अहिराणीत बोलत बसल्या, "कशी शे तू?" पासून जी सुरुवात. मला निम्मं कळलं. बोलण्याचा आवाज घरात होता, एवढं पुरलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

तेजसला लेख पाठवला. हलका: खरंच. चष्म्यासोबत: चांगला. बॅटरी: भरपूर. दोन खोल्यांपलीकडे आवाज तुटतो. गोंगाटात समोरच्याला नीट ऐकू जात नाही. वाकून काम करणाऱ्यांनी अंबाडा घालावा.

शेवटची ओळ पाच वेळा लिहिली. गेली ती अशी: 'आजूबाजूचं ऐकू येतं, पण आवाज निम्म्याच्या खाली असेल तरच. त्यावर गेलात तर दाराची बेल चुकते. हा असो की दुसरा कुठलाही, घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्याकडे तोंड करून बसा. मी बसले नव्हते.'

अर्ध्या तासात तेजसचा फोन. "मॅडम, शेवटचं वाक्य... चुकून राहिलंय का?"

"नाही."

त्याला आई गेलेली माहीत आहे, कशी ते माहीत नाही. आतापर्यंत नव्हतं.

"ठेवू का काढू?"

"तुझी वेबसाइट. तू ठरव."

"ठेवतो," म्हणाला. मग, "मॅडम, तुम्ही जेवलात का?" तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. जेवले नव्हते. जेवले म्हटलं. मग म्हटलं, नाही, खोटं बोलले, जेवते आता. आणि पोळी-भाजी घेऊन बसले.

वस्तू परत पाठवायची गरज नाही म्हणे, ठेवा तुम्हाला. निकमबाईंना दिला. बहिणीशी बोलताना दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून त्या भलत्याच खूश.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

शैलावहिनींचा फोन, दुपारी. दादा दुकानात होता असं वाटलं, हळू बोलत होत्या.

"वन्सं, रविवारी येणार आहेत तुमच्याकडे. एकटेच."

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाले. बोलतच नाहीत आठवडाभर. कोणाशीच नाही, माझ्याशीसुद्धा. काल जेवताना ताटावर थांबले आणि म्हणाले, रविवारी जाऊन येतो वसूकडे. मी विचारलं, मी येऊ का? नको म्हणाले."

"रागावलाय का?"

"मला खरंच सांगता येत नाही. सतरा वेळा मशिनची सुई मोडली या आठवड्यात."

जेवायला थांबणार का हे विचारायचं राहिलं. पुन्हा फोन करून विचारणं बरं दिसलं नसतं.

आईची खोली झाडली. पलंगाखाली तिच्या औषधाची एक रिकामी पट्टी सापडली. टाकली. मग काढून घेतली. मग टाकली.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी दहा. वरण लावलं, भात करायचा आहे. वांगी भरून ठेवली, दादाला आवडतात, पण मसाला करताना वाटलं की हे मनधरणीसारखं दिसेल. केली तरी. नाही तर काय ठेवणार पुढे.

काय बोलायचं याची तयारी करून बघितली. जमत नाही. सुरुवात करते आणि प्रत्येक वाक्यात 'पण' येतो. पण मी थकले होते. पण तू नव्हतास. पण डॉक्टर म्हणाले होते की तिची हाडं. सगळे पण खरे आहेत. आज एकही बोलायचा नाही, एवढंच ठरवलंय. त्याने विचारलं तर सांगेन. अर्धा तास ओरडला, रडला तरी ऐकेन. आणि आईच्या खोलीत बसायचं म्हणाला तर बसू देईन, एकट्याला, हवं तितका वेळ.

पलंग नेतो म्हणाला तर? देईन. नाही, माहीत नाही.

पावणेअकरा. बस स्टॉपपासून चालत दहा मिनिटं. गॅलरीतून दोनदा बघून आले. दुसऱ्यांदा राखाडी स्वेटरमधला एक माणूस कोपऱ्यावर उभा दिसला, हातात काही नव्हतं. वळून परत गेल्यासारखा वाटला. चष्मा आत होता, घेऊन येईपर्यंत कोपरा रिकामा. दादा नसेलही. त्याच्याकडे राखाडी स्वेटर आहे का, तेही मला आठवत नाही.

अकरा. दार उघडं टाकून इथे लिहीत बसलेय. जिन्यात कोणीतरी चढतंय. सावकाश, मध्ये थांबून. पहिल्या मजल्यावर थांबलं. पुन्हा चढतंय.